एक्केचाळीस लाल लुगडी

सेलिनच्या उजव्या हाताची बोटं पंचवीस वर्षं हायपोच्या पाण्यात भिजली होती. फोटो पक्का करणारं ते पाणी आंबट वासाचं. साबण कितीही लावला तरी वास नखांत उरायचाच. भुईगावच्या रस्त्याला, केळीच्या वाडीला लागून असलेल्या स्टुडिओत तिचा नवरा जेम्स फोटो काढायचा आणि मागच्या काळोख्या खोलीत सेलिन ते धुवायची. निगेटिव्हवरचे ओरखडे टोकदार पेन्सिलीने बुजवायचे, नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवायची, अल्बमच्या पानांवर कोपरे चिकटवायचे, हे सगळं तिच्याकडे. जेम्स जेवायला बसलेला असताना कुणी पासपोर्टच्या फोटोसाठी आलं तर तोही तीच काढायची. पण लग्नाला, पहिल्या कम्युनियनला, मयताला कॅमेरा गळ्यात घालून जायचा तो जेम्सच.

गावातल्या कपाटांत तिच्या हातून गेलेले हजारो फोटो होते. त्यांतल्या एकाही फोटोसोबत कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं. याचं तिला फारसं वाईट वाटत नसे. फक्त कधीतरी ओला फोटो चिमट्याला लावताना मनात येई, इथे मी दोन पावलं डावीकडे सरकले असते.

मग जेम्सला काचबिंदू झाला. समोरचं दिसायचं, कडा मात्र धूसर होत गेल्या, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याला कडांवरच जास्त लक्ष ठेवावं लागतं. वधूपिता डोळे कधी पुसतो, करवली कधी हसते, ते कडेलाच घडतं. २००४च्या पावसाळ्यानंतर त्याने लग्नं घेणं थांबवलं.

त्याच नाताळात जेम्सचा धाकटा भाऊ व्हिव्हियन मस्कतहून सुट्टीवर आला तो डिजिटल कॅमेऱ्याचा खोका घेऊन.

"दादा, आता रीळ विसरायची. सहा मेगापिक्सेल आहे. काढायचा, बघायचा, आवडला नाही तर पुसायचा."

जेम्सने कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग खाली घेतला, पट्टा सैल केला आणि सेलिनच्या गळ्यात घातला.

"सहा काय ते हिला सांग. वापरणार ही आहे."

सेलिन हसली. तो हसला नाही, म्हणून तिचंही हसू थांबलं.

कॅमेऱ्यासोबत आलेलं पुस्तक अकरा भाषांत होतं, त्यात मराठी नव्हती. सेलिन मराठी माध्यमातून मॅट्रिक झालेली. ती रोज दुपारी इंग्रजीची दोन पानं घेऊन बसे आणि एका दोनशेपानी वहीत प्रत्येक शब्दापुढे आपल्याला समजलं ते लिही. मेगापिक्सेलपाशी ती दोन दिवस अडली. दहा लाख ठिपके, असं व्हिव्हियनने सांगितलं होतं. पण ठिपके कसले? तिसऱ्या दिवशी ती चर्चच्या वेदीवरच्या कापडाला क्रॉस-स्टिचची वेल भरत होती. मॅटीच्या कापडाला मोजून भोकं असतात, एका भोकात एकच रंग बसतो, आणि लांबून पाहिलं की त्या चौकोनी टाक्यांचा गुलाब होतो. सुई तशीच कापडात ठेवून ती उठली आणि वहीत लिहिलं : टाके. सहा मेगापिक्सेल म्हणजे साठ लाख टाके.

तिथून गाठ सुटली. ऑप्टिकल झूममध्ये भिंग पुढेमागे होतं, आपण जवळ गेल्यासारखं होतं आणि नव्या जागेला पुन्हा साठ लाख टाके मिळतात. डिजिटल झूम म्हणजे भरलेलं छोटं कापड धरून ताणणं. गुलाब मोठा दिसेल, टाके तेवढेच राहतील. स्टेशनजवळ नवा डिजिटल स्टुडिओ काढलेला शॉन खिशातला कॅमेरा काढून "आंटी, आमचा आठ मेगापिक्सेल, बारा एक्स झूम!" म्हणाला, तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "बारातलं ऑप्टिकल किती?" शॉनने भिंगाच्या कडेवरचा आकडा पाहिला. तीन होतं.

आयएसओ तर जुनाच पाहुणा निघाला. उन्हाला शंभरची रीळ, हॉलमध्ये चारशेची, हे ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. आता रीळ न बदलता प्रत्येक फोटोला तो आकडा बदलता येत होता. वाढवला की अंधारातही दिसे, पण फोटोवर बारीक वाळू सांडे. व्हाइट बॅलन्सपुढे तिने लिहिलं : पांढऱ्याला पांढरं म्हणायला शिकवणं. ट्यूबलाइटमध्ये फादरांचा झगा हिरवट आणि बल्बमध्ये पिवळट यायचा, आणि तो दोष आजवर रंगीत लॅबवाला गुपचूप सुधारत होता, हेही तिला त्याच दिवशी कळलं.

जेम्स खुर्चीत बसून ऐकायचा. कधी म्हणायचा, "परत वाच." तिला त्या दोन शब्दांचा अभिमान वाटे, कारण इतकी वर्षं परत वाचायला, परत करायला तोच तिला शिकवत आला होता.

फेब्रुवारीत फ्लॉसी टीचर स्टुडिओत आल्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख. बोलताना अजूनही समोर चाळीस पोरं बसल्यासारखा आवाज.

"सेलिन, ईस्टरनंतर नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे. दर्शनी भिंतीवर एक फोटो लावायचा ठरलंय. गावात अजून रोज लुगडं नेसणाऱ्या सगळ्या बायांचा. मोजल्या मी. एक्केचाळीस."

"एक्केचाळीसच?"

"चार वर्षांपूर्वी सत्तरच्या वर होत्या. म्हणून तर घाई." त्यांनी जेम्सकडे पाहिलं. "काढशील ना जेम्स?"

"मी नाही टीचर. ती काढेल."

टीचरांनी चष्म्यावरून सेलिनकडे पाहिलं. त्या पाहण्यात वाईट काही नव्हतं, फक्त आश्चर्य होतं, आणि सेलिनला तेच लागलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण नीट काढ. या बाया पुन्हा पुन्हा जमायच्या नाहीत."

आपल्या गावचं लाल लुगडं परक्याला सगळं सारखंच वाटतं. जवळ जावं तेव्हा चौकड्या दिसतात : कुणाच्या नखाएवढ्या, कुणाच्या अंगठ्याएवढ्या, कुठे पिवळा धागा, कुठे पांढरा, कुठे काळ्याची दुहेरी रेघ. बाया लांबून चालत येणारीला तोंडावरून ओळखण्याआधी चौकड्यांवरून ओळखतात. फोटो काढायचा म्हणजे एक्केचाळीस बायांचा आणि त्यांच्या चौकड्यांचा.

पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर बाया चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मटिल्डा आजीला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. नऊचं ऊन थेट अंगावर येत होतं. जेम्स करंजाच्या सावलीत बसला होता. त्याने तिला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "गर्दीचा फोटो आहे. थोडा उजेड जास्तच दे. निगेटिव्ह उपाशी ठेवायचं नाही, लक्षात आहे ना?" त्याचा तो नियम तिने हजार वेळा खरा झालेला पाहिला होता. उपाशी निगेटिव्हमधून काहीच काढता येत नाही, भरलेल्यातून सगळं निघतं. तिने उजेड वाढवला. कॅमेऱ्यात रंग भडक करायची एक सोय होती, तीही लाल लुगड्यांसाठी म्हणून चालू केली. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झगझगीत दिसला. बाया खूश, ती खूश.

गुरुवारी लॅबमधून मोठी प्रत आली. तिने ती मंडळाच्या बैठकीत टेबलावर उलगडली.

बाया टेबलाभोवती दाटल्या. मग मटिल्डा आजीने मान वाकवली.

"गो सेलिन, आमच्या चौकड्या कुटं गेल्या?"

चौकड्या नव्हत्या. चेहरे होते, अंबाडे होते, कानातली कर्णफुलं होती, आणि मानेखाली सगळं एकच सपाट लाल. कुठे एक लुगडं संपतं नि कुठे दुसरं सुरू होतं तेही कळत नव्हतं.

"मिरच्या वाळत घातल्यात जणू," मागून कुणीतरी म्हणालं.

"आनि वर आमची मुंडकी ठेवलीत."

हशा पिकला. सेलिनही हसली, कारण न हसता उभं राहणं कठीण होतं. फ्लॉसी टीचर मात्र हसल्या नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. "स्टेशनजवळचा शॉन विचारत होता. त्याला सांगू का? तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. काम मोठं आहे."

"एक रविवार द्या टीचर."

"बाया यायच्या नाहीत."

"त्यांच्या घरी मी जाईन, एकेकीच्या. एकच रविवार."

टीचरांनी तारीख दिली. तीन आठवड्यांनंतरची, शेवटची.

घरी आल्यावर तिने ती प्रत भिंतीला लावली आणि समोर बसून राहिली. चेहरे किंचित उजळ होते, पण गेलेले नव्हते. चोळ्यांचा पांढरा काठसुद्धा शाबूत होता. सगळा फोटो उजेडाने मेला असता तर पांढरं आधी मेलं असतं. मेलं होतं फक्त लाल.

कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचं एक चित्र असे. तिच्या वहीत त्यापुढे लिहिलं होतं : डोंगर. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. डोंगर उजव्या भिंतीवर आदळला की उजेड सांडला असं समजायचं. तिने रविवारच्या फोटोचा डोंगर पुन्हा काढून पाहिला. तो छान मधोमध बसला होता. तुंगारेश्वराच्या डोंगरासारखा, ऐसपैस. काही सांडलं नव्हतं म्हणे.

मग लाल गेलं कुठे?

चार दिवस ती उत्तर शोधत होती. सासूबाईंचं ठेवणीतलं लुगडं तिने पेटीतून काढलं, मागच्या अंगणात दोरीवर घातलं आणि त्याचे फोटो काढत सुटली. सात वाजता, आठ वाजता, उन्हात, सावलीत; भडक रंगाची सोय चालू ठेवून, बंद ठेवून; उजेड वाढवून, मग एकेक पायरी कमी करत. शेजारची आशालता कुंपणावरून म्हणाली, "सेलिन, वाळलं गो ते! किती वेळा बघशील?" कार्ड घेऊन ती वसई रोडच्या लॅबमध्ये गेली, छोट्या प्रती काढल्या आणि प्रत्येकीच्या मागे वेळ नि आकडे लिहिले. पंधरा प्रती तिने ओट्यावर ओळीने मांडल्या. पहिल्या सातांत चौकड्या नव्हत्या. आठवीत धूसर. अकरावीत, सावलीतल्या, उजेड पायरीच्या दोन-तृतीयांश कमी केलेल्या फोटोत पिवळा धागासुद्धा मोजता येत होता.

कारण तिला विहिरीवर सापडलं. पुस्तकात लिहिलं होतं की कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड वेगवेगळे भरून घेतो. समोर पाण्याच्या तीन घागरी होत्या. लाल लुगड्यापुढे धरलं तर हिरवी-निळी घागर अर्धीही भरणार नाही आणि लाल भरून वाहून जाईल. तिघींची मिळून सरासरी काढली तर? सगळं ठीकच दिसेल. या कॅमेऱ्याचा डोंगर सरासरीचा होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला विचारलं होतं तेवढंच सांगत होता. लालची चौकशी त्याच्याकडे करून उपयोग नव्हता.

राहिला जेम्स. त्याला सांगणं या सगळ्यापेक्षा अवघड होतं. तो चहा पीत असताना ती समोर बसली.

"तुमचा नियम इथं चालत नाही."

"कुठला?"

"उजेड जास्त द्यायचा तो. निगेटिव्हला ठीक आहे. ह्याच्यात भरून वाहिलं की गेलंच, मागून काही निघत नाही. कमी द्यायचा. अंधारात राहिलेलं थोडं वर काढता येतं."

जेम्सने कप खाली ठेवला. तीस वर्षं ज्यावर तो उभा होता ते ती काढून घेत होती, आणि तिला ते ठाऊक होतं. ती उठणार इतक्यात त्याने विचारलं,

"बिशपांच्या कार्यक्रमाला आपण स्लाइडची रीळ वापरली होती, निगेटिव्ह न निघणारी. आठवते?"

"आठवते. पहिली रीळ धुऊन आली ती पांढरीफटक."

"दुसरी कशी काढली मी?"

ती थबकली. "अंधारी. थोडी अंधारी."

"मग हा स्लाइडवाला आहे," जेम्स म्हणाला, आणि मांडीवर थाप मारून मोठ्याने हसला. "आधी सांगायचं की! मी तुला उगाच चुकवलं."

"मलाही आज कळलं."

"तुला कळलं ना. मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं."

पुढचे आठवडे ती घरोघर फिरली. कुणाच्या ओट्यावर तिला शहाळं मिळालं, कुणाकडे टोमणा. "आता मिरच्यांची काय भाजी करनार?" ती म्हणायची, "चौकड्या मोजून देईन, या तर खरं." मटिल्डा आजीने अट घातली, "खुर्ची नको. मी उबी राहनार. बसल्यावर लुगडं दिसत नाय."

त्या रविवारी तिने बायांना पायऱ्यांवर उभं राहूच दिलं नाही. चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीला सकाळभर सावली असते, हे तिने आठवडाभर पाहून ठेवलं होतं.

"इकडे? मागच्या बाजूला?" फ्लॉसी टीचर चिडल्या. "चर्चचं दार नको का फोटोत?"

"दार फोटोत आलं तर ऊन येईल टीचर. ऊन आलं की चौकड्या जातील. तुम्ही ठरवा."

टीचरांनी दाराकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं आणि स्वतःच शेवटच्या ओळीला सरळ करायला लागल्या.

लांबच लांब दोन ओळींऐवजी तिने तीन ओळी केल्या. हिशेब वहीत होता : कॅमेऱ्याच्या रुंदीला तीन हजार टाके, वीसजणी शेजारी उभ्या केल्या तर एकीच्या वाट्याला दीडशे येतात, चौदा केल्या तर दोनशेच्या वर. चौकडी उमटायला तेवढे लागतातच. मागची ओळ बाकांवर चढवली. भडक रंगाची सोय बंद. आयएसओ शंभर, कॅमेरा तिपाईवर. सावलीत रंग निळसर पडतो म्हणून व्हाइट बॅलन्समध्ये सावलीची खूण असलेलं घराचं छोटं चित्र निवडलं. उजेड दोन-तृतीयांश उणा.

"गो, अंधार केलास की काय?" पडद्यात डोकावून एकजण म्हणाली.

"असू दे. जागेवर जा मावशी. पदर नीट. मटिल्डा आजी, श्वास घ्या, आणि सोडू नका."

"मेले तर सोडीन," आजी म्हणाली, आणि एक्केचाळीसजणी एकदम हसल्या. सेलिनने तेव्हाच बटण दाबलं.

तिने अकरा फोटो काढले. प्रत्येक फोटो पडद्यावर मोठा करून एकेका चेहऱ्यावरून फिरली. कुणी डोळे मिटले, कुणी मान वळवली, ते पाहिलं. करंजाखाली जेम्स उभा होता. तिथून त्याला काही दिसत नव्हतं. पण तिची हाक त्याला ऐकू येत होती : "तिसऱ्या ओळीतल्या हिरव्या बांगड्या, थोडं डावीकडे! आणखी! बस." तो शेजारच्या माणसाला म्हणाला, "ऐकलं? मी इतकं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं."

ईस्टरनंतरच्या रविवारी सभागृहात फोटोवरचं कापड फादरांनी बाजूला केलं. टाळ्या वाजल्या, भाषणं झाली, पण बाया भाषणांना थांबल्याच नाहीत. त्या भिंतीपाशी गेल्या आणि काचेवर बोट ठेवून शोधायला लागल्या. कुणीही आधी चेहरा शोधला नाही.

"ही माजी. पिवळा धागा."

"ही सुनेनं नाताळात दिलेली."

मटिल्डा आजीला दोघींनी धरून आणलं. तिचं बोट काचेवरून सावकाश सरकत स्वतःपाशी थांबलं. काळ्याची दुहेरी रेघ, अंगठ्याएवढी चौकडी. ती बराच वेळ पाहत राहिली.

"हे माज्या बहिनीचं लुगडं," ती म्हणाली. "त्या दिवशी नेसले होते. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. कुनाला सांगितलं नव्हतं." मग मागे वळून, "दिसते गो सेलिन. सगळी दिसते."

तिने आजीचा हात हातात घेतला.

जेम्स दाराशी खुर्चीत बसला होता. हिलरी नावाचा एक वाडीवाला त्याच्याकडे आला. त्याच्या मुलीचं मे महिन्यात लग्न होतं.

"जेम्स, तारीख लिहून ठेव. अठरा मे. तूच ये हां, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

"तारीख तिच्याकडे," जेम्स म्हणाला. "गर्दीतून वाट काढून जा. आणि नीट विचार, ती वेळेला फार कडक आहे."

हिलरी गर्दीतून सेलिनपर्यंत पोहोचला. तिने तारीख ऐकली, वहीचं पान उलटलं आणि पेन उघडलं.

"नवरीचा झगा पांढराच ना?"

"हो, पांढराच. का?"

"आणि नवरीची आजी लुगडं नेसते?"

"नेसते की."

"मिस्सा चारला असेल, तर बाहेरचे फोटो साडेपाचनंतर," सेलिन म्हणाली. "त्याआधी नाही. उन्हात दोघींना एकत्र उभं करायचं नाही. झगा नि चौकड्या, दोन्ही वाहून जातील."

हिलरी जरा गोंधळला. मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला,

"तुमी सांगाल तसं."